एकेचाळीस बँक अधिकारी

बोईसरच्या एका खासगी क्लासात मी दहावीला इंग्रजी शिकवते. परीक्षेआधीची रिव्हिजन सुरू झाली की मला दरवर्षी ओकारी येते. इथल्या केमिकल कंपन्यांच्या वासाने नव्हे, त्याला नाक केव्हाच सरावलं. ओकारी येते ती गाईडची. ‘सिमिली, म्हणजे उपमा, तिचं उदाहरण द्या’ म्हटलं की अख्खा वर्ग एका सुरात सिंहासारखा शूर माणूस काढतो. समुद्र इथून हाकेवर आहे, पण लाट कुणाच्या तोंडी येत नाही.

निबंधांचं तर विचारूच नका. ‘माझे वडील’ हा निबंध आमच्याकडे पाठ करून घेतात. गाईडमधले वडील बँकेत अधिकारी आहेत, मोटारीने ऑफिसला जातात आणि रविवारी गुलाबांना पाणी घालतात. माझ्या एकेचाळीस मुलांचे वडील कुणी कंपनीत हेल्पर, कुणी टेम्पोवर, एकाची वाणगावला मिरचीची शेती. वह्या तपासायला घेतल्या की सगळे बँकेत. तो बँकवाला फळ्यावर मीच लिहून देते, म्हणून किळस करायची तर आधी स्वतःची.

एका वर्षी एक वही वेगळी निघाली. मुलगी जवळच्या सालवड गावची, आदल्या वर्षी फक्त इंग्रजीत नापास झालेली. पुन्हा नापास झाली तर शिक्षण बंद करून पॅकिंगच्या कामाला लावणार, हे घरी ठरलं होतं. तिने मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की पप्पा रंगाच्या कंपनीत आहेत आणि रोज संध्याकाळी हळदीला बसलेल्या नवऱ्यासारखे दिसतात. साबणाने रंग जात नाही. तो पप्पांबरोबर घरी येतो, आमच्याबरोबर जेवायला बसतो आणि त्यांच्याच उशीवर झोपतो.

सिमिली होती, निर्जीव रंगाला माणूस करणारं परसॉनिफिकेशन होतं. दोन्ही नावं मी महिनाभर घोकून घेत होते, आणि ती वस्तू माझ्यासमोर पहिल्यांदाच आली होती. मी काय केलं? आठ ओळींत अकरा चुका मोजल्या, लाल पेनाने पानाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत दोन रेघा मारल्या आणि खाली लिहिलं, ‘गाईड बघ.’

ती वही घेऊन टेबलाशी आली. “मॅडम, हे खोटं नाय लिवलेलं.”

“खरं-खोटं कोण बघतंय? पास व्हायचंय ना तुला?”

तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी पुढच्या पानावर तिचेही वडील बँकेत लागले होते. अक्षर सुरेख, चूक एकही नाही. मी ‘व्हेरी गुड’ लिहिलं.

ती पास झाली. निकालानंतर तिचे वडील पेढे घेऊन क्लासवर आले. धुतलेला सदरा, केस चापून बसवलेले, आणि पेढ्यांचा पुडा धरलेले हात मनगटापर्यंत पिवळे. मी पेढा उचलला. त्यांनी पिशवीतून वही काढली.

“बाई, पोरगी बोलली व्हती, माज्यावर निबंद लिवलाय. वाचून दाव म्हटलं तं लाजते. मला विंग्रजी येत नाय. तुमी सांगा ना, काय लिवलंय.”

मी ‘व्हेरी गुड’चं पान उघडलं. तेवढीच अक्कल सुचली. मराठीत सांगत गेले, माझे वडील बँकेत अधिकारी आहेत, मोटारीने जातात. गुलाबांपर्यंत आल्यावर माझाच आवाज मला नकोसा झाला. ते मात्र मन लावून ऐकत होते.

“बरं हाय,” ते म्हणाले. “पन ह्यो तं कुनी दुसराच हाय. माजं कुठं हाय?”

त्यांनीच एक पान मागे उलटलं. पिवळं बोट लाल रेघेवरून वरपासून खालपर्यंत नेलं आणि विचारलं, “हे कुनी खोडलं?”

“मी,” मी म्हटलं.