आठशे वर्षं आणि एक शाल

आयर्लंड आणि इंग्लंड यांच्यातला आठशे वर्षांचा संघर्ष माझ्या डोळ्यांदेखत मिटला. इतिहासकारांनी याची नोंद घेतलेली नाही, कारण तो स्लाऊमधल्या एका कम्युनिटी हॉलमध्ये, आमच्या मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात, बटाटेवडे आणि आभारप्रदर्शन यांच्या मध्ये मिटला.

हे दोन हजार सहाचं. मंडळाला तेव्हा एकच चिंता होती: गणपतीसाठी हॉल, सलग पाच दिवस. हॉलच्या चाव्या एका सेक्रेटरींकडे असत. साठीचे इंग्रज गृहस्थ, तरुणपणी सैन्यात, उत्तर आयर्लंडमधल्या बेल्फास्टला नेमणूक झालेले, पुढे आयुष्यभर लंडनच्या कुठल्याशा ऑफिसात. हॉल ते फक्त तासावर देत आणि वेळ संपली की कुणी आरती म्हणत असलं तरी दिवे घालवत. त्यामुळे आदल्या वर्षी गणपती रोज रात्री अध्यक्षांच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून घरी गेला होता. एकदा प्रतिष्ठापना झाल्यावर मूर्ती हलवत नाहीत, असं गुरुजी म्हणाले. त्यावर अध्यक्ष म्हणाले, "सीटबेल्ट लावलाय."

या वर्षी असं होणार नव्हतं. सेक्रेटरींना पाडव्याला बोलवायचं, पोटभर खाऊ घालायचं आणि मग हॉल मागायचा, असा बेत ठरला.

"पण नुसतं जेवायला बोलावलं तर काम आहे हे कळतं," अध्यक्ष मीटिंगमध्ये म्हणाले. "कार्यक्रमाला वजन पाहिजे. व्याख्यान ठेवू. 'होमरूल: त्यांचं आणि आपलं.'"

होमरूल हा शब्द आपण आयर्लंडकडून घेतला, हे शाळेत दोन मार्कांसाठी असायचं आणि अध्यक्षांचे ते दोन मार्क गेले नव्हते. ब्रिटिश सैनिकाला खूश करण्यासाठी आयर्लंडच्या स्वातंत्र्यावर व्याख्यान ठेवण्यात काही विसंगती आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. कमिटी श्रीखंडात केशर की वेलची यावर दोन तास दुभंगलेली होती.

चूक मी केली. मी म्हणालो, "माझे शेजारी आयरिश आहेत. सत्तरच्या दशकात पोलिसांनी त्यांना धरलंही होतं."

"किती दिवस?"

"दोन रात्री."

"गुन्हा?"

"पिशवीत गजराचं घड्याळ सापडलं."

शेजारी बस ड्रायव्हर होते. पहाटेच्या पाळीला उठायला घड्याळ घेतलं होतं. त्या काळी बॉम्बच्या धास्तीत आयरिश बोली आणि टिकटिकणारी पिशवी एवढा पुरावा पुरे असे.

"म्हणजे कारावास," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी ते लिहून घेतलं. आठवड्याने पत्रिका आली: 'आयरिश स्वातंत्र्यलढ्यातील झुंजार सेनानींचा हृद्य सत्कार.' पत्रिका मराठीत होती, हीच काय ती देवाची कृपा.

मी शेजाऱ्यांकडे आमंत्रण घेऊन गेलो.

"बोलायचं कशावर?" त्यांनी विचारलं.

"आयर्लंडच्या स्वातंत्र्यावर."

"सतराव्या वर्षी सोडलं मी आयर्लंड. मला फक्त चिखल आठवतो."

"जेवण आहे."

"किती वाजता?"

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये दात वाजत होते. एप्रिल लागला की हीटिंग बंद, हा सेक्रेटरींचा नियम होता. हवेला तो कळवलेला नव्हता. व्यासपीठावर दोन पाहुणे शेजारी शेजारी. शाल मात्र एकच, कारण सत्कारमूर्ती एकच. शेजाऱ्यांना शाल आणि नारळ दिला, आणि अध्यक्षांनी माईक हातात घेऊन इंग्रजीत गर्जना केली, "ज्यांनी ब्रिटिश साम्राज्याच्या अंधारकोठडीत यातना भोगल्या..."

सेक्रेटरींनी हातातला वडा खाली ठेवला. मला सीटबेल्टमधला गणपती दिसू लागला.

"कुठली अंधारकोठडी?" त्यांनी विचारलं.

"पोलीस स्टेशन," शेजारी म्हणाले. "दोन रात्री. घड्याळावरून. चहा बरा होता. तुम्ही कुठे होतात तेव्हा?"

"बेल्फास्टला. सैन्यात."



"काय करत होतात?"

"बटाटे सोलत होतो. मेसमध्ये."

"आमचे?"

"तुमचेच."

लोक हसले. अध्यक्षांनी घाम पुसला. त्या थंडीत घाम फुटलेला तो एकमेव माणूस. पण सेक्रेटरी शेजाऱ्यांकडे निरखून बघतच होते.

"तू सकाळची आठ वाजून दहाची बस चालवायचास," ते म्हणाले. "स्टेशनची."

"अकरा वर्षं."

"मी पावसात ब्रीफकेस घेऊन धावत होतो आणि तू दार लावलंस!"

"आठवतंय. आरशात बघितलं होतं मी तुला."

"बघितलंस? आणि गेलास?"

"तू उशिरा आला होतास."

"मी आयुष्यात कधी उशिरा गेलेलो नाही! आठ-दहा म्हणजे आठ-दहा!"

हे मात्र खरं असणार. आमची आरती साक्षीला होती. अध्यक्ष माझ्या कानाशी आले. "अरे, यांना थांबव. हॉल गेला आपला!"

मी काय थांबवणार? मला सुचलं ते विचारलं, "बस कुठल्या घड्याळावर सोडायचात?"

"त्याच. गजराच्या," शेजारी म्हणाले. "डॅशबोर्डवर असायचं. पोलिसांनी उघडून बघितलं, तेव्हापासून चार मिनिटं पुढे धावतं. बदलणार होतो, राहून गेलं."

सेक्रेटरींनी बोटांवर चार मोजले. त्यांची बस आयर्लंडने चुकवलेली नव्हती; ती ब्रिटिश पोलिसांनी, घड्याळात बॉम्ब शोधताना चुकवली होती. माणसाच्या चेहऱ्यावर एवढं राजकीय परिवर्तन मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

"चार मिनिटं," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे मी वेळेवर होतो."

"होतास," शेजारी म्हणाले. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. थंडीने कुडकुडणाऱ्या त्या माणसाच्या खांद्यांवर त्यांनी आपली शाल टाकली. "घे. तुझ्या हीटिंगपेक्षा बरी आहे." नारळ मात्र सोडला नाही.

अध्यक्षांनी माईकवरून 'ऐतिहासिक क्षण' असा शब्दप्रयोग तीनदा केला आणि तेवढ्यात हॉलही मागून घेतला. शालीतून उत्तर आलं, "घ्या."

हॉल मिळाला, पाचही दिवस. नारळ कार पार्कमध्ये फोडावा लागतो आणि दिवे रात्री नऊला जातात. नऊ वाजले की नाही हे हॉलमधल्या घड्याळावर ठरतं, आणि ते सहा मिनिटं पुढे आहे.