पाय टेकायचा नाही

डॉक्टरकाका माणसाच्या पायांकडे आधी बघायचे, तोंडाकडे नंतर. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळींच्या गणपतीत मी प्रसादाची डिश घेऊन चालले होते, तेव्हा एक उंच म्हातारे गृहस्थ समोर येऊन म्हणाले, "डावी टाच झिजवतेस तू. लहानपणी कुठून पडली होतीस?" पेरूच्या झाडावरून पडले होते. माझं नाव त्यांनी त्यानंतर विचारलं. सगळी हयात हाडांचे डॉक्टर म्हणून काढलेली; रिटायर झाले तरी खोड जाईना. मी पुण्याहून वर्क परमिटवर नवीन आलेले, सॉफ्टवेअरची नोकरी, भाड्याची खोली. त्यांच्या पत्नी सुमनकाकूंनी मला दर रविवारी जेवायला येण्याचं फर्मान काढलं आणि ते घर माझं झालं.

जेवणाआधी मात्र चिखल. गावाबाहेर एका गोऱ्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये काकांची लाल तीनचाकी असायची. रिक्षा नव्हे, मोटरसायकलसारखं हँडल, मोटरसायकलसारखी सीट, पण पुढे एक आणि मागे दोन अशी फुगलेली, मऊ टायरं. चिखल, वाळू, नांगरलेलं रान, कुठेही जायची. ऐंशीच्या दशकात इथली तरुण पोरं या गाड्यांपायी वेडी झाली होती. मग इतकी हाडं मोडली, काही पोरं तर जिवानिशी गेली, की त्या विकणंच बंद झालं. त्यातली बरीच हाडं काकांनी जोडली होती. ही गाडी अशाच एका मुलाच्या वडिलांनी त्यांच्या गळ्यात मारली होती. "डॉक, घेऊन जा, नाहीतर कुऱ्हाड घालीन तिच्यावर." काकांनी भंगारात घालायला म्हणून नेली, त्याआधी एकदा चालवून बघितली, आणि फसले.

काकूंना ती डोळ्यांसमोर नको असायची. "ज्या विळीवर लोकांची बोटं कापली, ती आपल्या घरात कशाला?" त्या म्हणायच्या.

"विळीचा काय दोष? बोट कुठे ठेवलं होतं ते बघ," काका म्हणायचे. वीस वर्षं हा वाद असाच चालला होता आणि दोघांनाही तो मिटवायचा नव्हता.

मला शिकवायचा त्यांनी चंगच बांधला. नियम एकच: पाय टेकायचा नाही. वळताना अंग आतल्या बाजूला झोकायचं, भार बाहेरच्या पायावर ठेवायचा, आणि काही झालं तरी पाय खाली घ्यायचा नाही, कारण मागचं चाक पायाच्या लगेच मागे असतं आणि टेकलेला पाय ते सरळ खाली ओढतं. मी मान डोलावली, पहिल्याच वळणावर गाडी जराशी कलली आणि मी पाय टेकला. टायर टाचेवर चढलं. गाडी बंद पडली म्हणून वाचले. रबरी वेलिंग्टन बूट चिखलातच राहिला. काका लंगडीवर उभ्या असलेल्या मला बघून पोट धरून हसले.

"पुण्याचा पाय! सिग्नल दिसला की टेकतो. आपली सगळी मराठी मंडळी इथेच मार खातात, मीसुद्धा खाल्लाय." मग हसू थांबवून म्हणाले, "हे बघ, गाडी कलली की जीव म्हणतो, टेक पाय. त्या वेळी जिवाचं ऐकायचं नाही." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुढे शंभरदा तरी ऐकलं असेल.

उन्हाळ्यात कधीतरी जुने तीनचाकीवाले त्या शेतावर जमायचे. सगळे पन्नाशीचे, पोटं सुटलेले. पूर्वी कुठल्या टेकडीवरून कोण कसा उडाला, हे थर्मासमधल्या चहाबरोबर तासन्तास चालायचं. त्या घोळक्यात सरळ चालणारा एकही माणूस नव्हता. काका माझ्या कानाशी प्रत्येकाची चाल वाचायचे: हा मांडी, तो घोटा, याचा खुबा माझ्याच हातचा. जिने मोडलं त्याच गाडीच्या आठवणी ही माणसं इतक्या लाडाने का काढत होती, मला कळायचं नाही. "तरुणपण तिच्यावरच गेलं ना त्यांचं," काका म्हणाले, "दुसरं कुठून आणणार?"

लोकांची चाल बघायला मला त्यांनीच शिकवलं, आणि ते माझ्याच मुळावर आलं. एका रविवारी ते शेडकडे चालले होते, मी मागे होते. त्यांचा उजवा हात हलत होता. डावा अंगाला चिकटून होता. पाऊल घासत होतं. मी थबकले, तसे ते वळले.

"दिसलं ना? पार्किन्सन्स. हॉस्पिटलचंही तेच म्हणणं आहे. मला वर्षभर आधीच कळलं होतं."

"काकूंना?"

"माझ्याही आधी. शर्टाची बटणं तीच लावते आता."

गाडी आता बंद, असं काकूंनी सांगितलं होतं. काकांनी दसऱ्यापर्यंतची मुदत मागितली. दरवर्षी ते दसऱ्याला तिची पूजा करायचे आणि मग शेताला एक फेरी मारायचे. "एवढी एक फेरी, मग मी तिला हात लावणार नाही," ते म्हणाले. काकू कबूल झाल्या, आणि प्रथमच शेतावर आल्या, कुंड्यांतल्या झेंडूची माळ घेऊन. हळदकुंकू त्यांनीच वाहिलं. बाहेर भुरभुर पाऊस होता. काका निघाले, अगदी सावकाश. पहिली तीन वळणं त्यांनी झोकात घेतली. चौथ्यावर, कुंपणाशी, गाडी थोडीशी कलली. माझी कलली होती तेवढीच. आणि त्यांचा डावा पाय खाली आला.

आम्ही धावत पोचलो, तेव्हा माळ चाकात गुंतली होती. नडगी कुठे मोडली, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मी पाय टेकला?"

"हो, काका."

"मला कळलंच नाही गं." तेवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. हाडाचं दुःख त्यांना नव्हतं, हाड जुळतं. पण आपलं अंग आपल्याला न विचारता वागलं, हे त्यांना त्या चिखलात कळलं, आणि तो माणूस तिथेच अर्धा संपला. माझ्या देखत संपला, हे मी अजून विसरलेले नाही.

गाडी त्यांनी शेतकऱ्याकडून तोडून घेतली. जुने तीनचाकीवाले मागायला आले होते, कुणाला दिली नाही. पाय जुळला, पण चालणं परत आलं नाही. पुढची दोन वर्षं व्हीलचेअर, मग बोलणंही ओठांतल्या ओठांत. दुसऱ्या वर्षीच्या थंडीत न्यूमोनियाने ते गेले.

त्याआधीची आमची शेवटची भेट हॉस्पिटलच्या उताराच्या रॅम्पवर झाली. काकू खुर्ची ढकलत होत्या, मी बाजूने चालत होते. रॅम्प मध्येच वळतो. काकूंनी खुर्ची वळवली, ती किंचित कलली, तसा काकांचा चेहरा एकदम जागा झाला. थरथरणारे दोन्ही पाय त्यांनी फूटरेस्टवर घट्ट रोवले आणि सगळं अंग वळणाच्या आत झोकलं.

"अहो, काय करताय?" काकू घाबरून म्हणाल्या.

"वळण," काका म्हणाले. एवढाच शब्द स्पष्ट आला.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग पदर खोचला आणि खाली पोचल्यावर खुर्ची पुन्हा वर नेली, तेच वळण जरा जोरात घ्यायला.