हिनेते म्हणजे कोण

माथेरानला मोटारी चालत नाहीत, घोडे चालतात. आमचे वडील, आबा, त्या घोड्यांपुढे चालायचे. घोडा मालकाचा, खोगिरावर पर्यटक, लगाम आबांच्या हातात, आणि दिवसभर लाल धुळीत पायपीट. रिकामा घोडा परत आणतानाही मालक वर बसू द्यायचा नाही. घोड्याची पाठ दमते म्हणायचा. पावसाळ्यात सीझन बंद झाला की आई खाली नेरळला खाणावळीत भांडी घासायची, आणि तिथला उरलेला भात आम्ही भावंडं खायचो. त्या भातावर मी बी.ए. झालो. आमच्या अख्ख्या घराण्यात पहिला, आणि हे मी मान वर करून सांगतो.

मी कॉलेजात असतानाच आबा ओमानला गेले. तिथे बरका गावाजवळ एका अर्बाबाचा, म्हणजे धन्याचा, तबेला होता. तिथे ते सईस म्हणून लागले. हा शब्द त्यांना नवा नव्हता. आपल्याकडेही जुनी माणसं घोड्याची निगा राखणाऱ्याला सईस म्हणतात, आणि तो मूळचा अरबीच. पदवी घेऊन मीही आलो, रुसैलच्या एका गोदामात कामाला. शुक्रवारी सुट्टी असली की आबांकडे जायचो.

२०१४च्या सुमारास तबेल्यात एक स्पॅनिश ट्रेनर आला. आबांनी हात लावला की बिथरलेली घोडीसुद्धा गप होते हे त्याने बघितलं, आणि एका सकाळी त्यांनाच वर बसवलं. आबांचं वय तेव्हा पन्नाशीला टेकलेलं. त्या दिवसापासून रोज हाक यायची, "यल्ला, हिनेते!" यल्ला म्हणजे अरबीत चल.

तबेल्यात रत्नागिरीकडचे एक चाचा होते, तेही सईस. ते म्हणाले, "हिनेते काय, हिणवतोय रे तो तुला!"

"हिणवू दे," आबा म्हणाले. "वर बसवून हिणवतोय ना? तुला तर खालूनच हाकलतो."

मला मात्र राहवेना. मी ट्रेनरलाच विचारलं. तो बोलघेवडा होता, मोडक्या इंग्रजीत रंगात आला. व्हाका म्हणजे गाय, म्हणून व्हाकेरो म्हणजे गुराखी. घोड्यावर बसला तरी नाव गाईवरूनच. काबायो म्हणजे घोडा, त्यावरून काबायेरो. पण ज्याच्याकडे घोडा तोच मोठा माणूस, म्हणून आता त्याचा अर्थ साहेब, सद्गृहस्थ. मोसो म्हणजे पोऱ्या, तबेल्यातला हरकाम्या. आणि हिनेते? समुद्रापलीकडे आफ्रिकेत झनाता नावाची जमात होती, आखूड रिकिबीत गुडघे मुडपून वाऱ्यासारखी घोडा फेकणारी. त्यांच्या नावावरून हा शब्द आला असं मानतात. हिनेते म्हणजे ज्याला खरंच घोड्यावर बसता येतं तो. घोडा कुणाचा का असेना.

मला आपला बारगीर आठवला. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारचा. पण दोघेही स्वार. आबांना सांगितलं तर नुसते हसले आणि घोडीला खरारा करत राहिले.

पुढच्या वर्षी ट्रेनर मायदेशी गेला. त्याने घालून दिल्याप्रमाणे आबा रोज सकाळी घोडी फिरवत होते. एक दिवस पाण्याचा पाइप फुटून फवारा उडाला, घोडी उधळली, आणि आबांच्या खुब्याचं हाड मोडलं.

मॅनेजर आपल्याच देशातला. तो मला म्हणाला, "सईस है ना तेरा बाप? सईस का काम नीचे. ऊपर बैठने को किसने बोला?"

इजा कामावरची नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं. म्हणजे ऑपरेशन तबेला करणार नाही. मोडलेल्या खुब्यासकट माणूस विमानात घालायचा, खलास. ट्रेनरचा ओमानी नंबर बंद. हॉस्पिटलात आबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "जाऊ दे. मी बसायलाच नको होतं."

ते ऐकून मी चाचांना घेऊन थेट अर्बाबासमोर गेलो. म्हातारा हिंदी बोलायचा. मॅनेजरही तिथेच होता.

मी म्हणालो, "ट्रेनर आबांना रोज हिनेते म्हणायचा. हिनेते म्हणजे स्वार."

"सबको बोलता होगा," मॅनेजर म्हणाला.

अर्बाबाने चाचांकडे पाहिलं. "तुझे क्या बोलता था?"

"मोसो," चाचा मान खाली घालून म्हणाले. "बाकी सबको भी मोसो."

"और मुझे?"

"काबायेरो, अर्बाब."

मी प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगितला. झनाता म्हटल्यावर अर्बाबाने मान डोलावली; ते नाव त्याला ठाऊक होतं. मग तो मॅनेजरला म्हणाला, "मला साहेब म्हणायचा, यांना पोऱ्या. म्हणजे कुणाला काय म्हणायचं ते त्याला कळत होतं. त्या एकाला त्याने स्वार म्हटलं, कारण ट्रेनरनेच त्याला वर बसवलं. लिही तसं."

ऑपरेशन मस्कतला झालं, पण उशीर झाला होता. हाड वाकडं जुळलं, एक पाय आखूड राहिला. आबा आता काठी घेऊन चालतात, आणि घोड्यावर पुन्हा कधी बसणार नाहीत. इजा कामावर झाली हे तबेल्याने मान्य केलं, उपचार केले, आणि आबांच्या हुद्द्यापुढे अरबीत खय्याल असं लिहिलं. खय्याल म्हणजे घोडेस्वार.