पाठकोरे कागद

"दुनियेचं नका सांगू जी, तुमच्या घरचं सांगा," असं म्हणत बाई अंबाड्यात खोचलेलं पेन काढायच्या, पदराला पुसायच्या आणि समोरच्याच्या हातात द्यायच्या. पुसूनही ते पेन पांढरंच राहायचं, कारण पदरही पिठाचाच. तुम्ही डॉक्टर असा, वकील असा, नाहीतर दार अर्धं उघडून "हो हो, आमचा पाठिंबा आहे" म्हणणारी सूनबाई असा, पेन हातात घेतल्याशिवाय तुमची सुटका नव्हती.

आमच्या हिंदी मुलखात मोहल्ल्याला पारा म्हणतात; त्यातल्या बुढापाऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाईंची पिठाची चक्की. यजमान गेल्यावर ती त्यांनी एकटीनं चालवली. सगळा पारा त्यांना 'दीदी' म्हणायचा, मी एकटा 'बाई'. चक्की सुरू असली की खाणाखुणांनी बोलायच्या, आणि बंद केली तरी आवाज तसाच चढा. त्यामुळे कोणाची सून माहेरी गेली, कोणाकडे बाजरी चालत नाही, हे चौकापर्यंत ऐकू जायचं. अशी बाई तुमच्याही मोहल्ल्यात असेल. नसेल तर तुमचं नशीब खोटं.

मी सरकारी नोकरीतून बडे बाबू म्हणून निवृत्त झालो. आवक-जावक, टिपणी, नस्ती यांतच जन्म गेला. मोहल्ल्यात कोणाला अर्ज लिहायचा असला की माझ्याकडे यायचे, आणि मला ते आवडायचं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. खारुन नदीवर शहराचं पाणी जिथून उचलतात, त्याच्या वरच्या अंगाला एका कंपनीला तेलासाठी खोल बोअर मारायचं होतं. खाली तेल आहे की नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं. खोदताना वर येणारं खारं, घाण पाणी कुठं सोडणार, हे मात्र कोणी सांगत नव्हतं. जनसुनवाईची नोटीस लागली. हरकती त्याआधी लेखी द्याव्यात, असं तिच्यात छापलं होतं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस नुसता आरडाओरडा. मीही 'घोर निषेध' असं टाकलं आणि पंख्याखाली आडवा झालो.

बाई आडव्या झाल्या नाहीत. रिक्षा करून त्या ऑफिसात गेल्या आणि खिडकीवरच्या माणसाला विचारून आल्या. "एक कागद, एक नंबर. एका कागदावर शंभर सह्या असल्या तरी हरकत एकच धरतात," त्यांनी मला गव्हाचा डबा परत देताना सांगितलं.

"बाई, तुम्ही मले ऑफिस शिकवून राहिल्या का?" मी म्हटलं.

"नाही जी, तुम्ही तं आमचे साहेब," बाई हसल्या. "जसं ऐकलं तसं सांगितलं."

आणि मग चक्कीवर चिठ्ठ्या सुरू झाल्या. गहू दळून होईपर्यंत माणूस पोत्यावर बसून लिहायचा. काय लिहू, असं कोणी विचारलं की बाईंचं ठरलेलं उत्तर, "तुमच्या घरचं." एकीनं लिहिलं, "मेरे आदमी उरला की मिल से काले होकर आते हैं, दो बाल्टी साफ पानी न मिले तो बच्ची गोद में नहीं जाती." दुसरीनं लिहिलं, नळाचं पाणी गोड आहे म्हणून डाळ लवकर शिजते, खारं झालं तर गॅस जास्त लागेल. आमच्या एका काकांनी शुद्ध मराठीत लिहिलं, "मी देवाला रोज नळाच्याच पाण्याने स्नान घालतो, तरी कृपया विचार व्हावा." ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं बाईंनी त्यांच्याच शब्दांत उतरवून अंगठा घेतला. पंधरा दिवसांत तीनशेच्या वर चिठ्ठ्या झाल्या. एकेक घर त्यांनी तीन-तीनदा गाठलं होतं.

तो गठ्ठा त्यांनी माझ्या हवाली केला. "तुम्ही ऑफिसातले. एकेकावर नंबर टाकून देऊन या, म्हणजे चुकणार नाही."

घरी येऊन मी वाचायला बसलो, आणि खरं सांगतो, मला लाज वाटली. डाळ शिजते काय, बच्ची गोदीत जात नाही काय! ऑफिसातले लोक काय म्हणतील? हा गठ्ठा माझ्या हातानं जाणार, म्हणजे हसं माझंच. झालं, मी चार पानांचं निवेदन टाइप केलं. 'महोदय, विषयांकित प्रकरणी' पासून 'सादर विनंती' पर्यंत एक मात्रा इकडची तिकडे नाही. चक्कीवर नेऊन त्यावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

"आणि चिठ्ठ्या?" बाईंनी विचारलं.

"जोडतो ना मागं."

जोडल्या नाहीत. इतकं देखणं निवेदन, त्याला ती शेपटी कशाला? निवेदन दिलं, पोच घेतली आणि छाती काढून घरी आलो.

आता ते कागद. एका बाजूनं लिहिलेले, मागून कोरे. अशा कागदांना आम्ही पाठकोरे म्हणतो, आणि पाठकोरा कागद फेकणं मला नोकरीभर जमलं नाही. पट्टी धरून त्याचे चार तुकडे करायचे, टाचणी लावायची, फोनपाशी ठेवायचे. कोणाचा नंबर, किराण्याची यादी, सगळं त्यावर. त्या संध्याकाळी बातम्या बघत बघत मी तीनशे घरांचे चार-चार तुकडे केले. सवयीनं. हाताला काहीसुद्धा वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाई पोच बघायला आल्या. कागद दोन्ही हातांत धरून त्यांनी वाचला. "एकच नंबर?"

चौतीस वर्षं मी स्वतः हेच केलं होतं. सह्या कितीही असोत, कागद एक तर आवक नंबर एक. मला ठाऊक नव्हतं असं कोणत्या तोंडानं सांगू?

"असू द्या," त्या म्हणाल्या. "अजून तीन दिवस हायेत. चिठ्ठ्या द्या, मी एकेक करून देऊन येते."

मी फोनकडे बघितलं, म्हणून त्यांनीही बघितलं. वरच्याच तुकड्यावर माझ्या अक्षरात 'हिंग, जिरे, साबण' होतं. त्यांनी तो उलटला. मागे 'दो बाल्टी साफ' एवढंच उरलं होतं. बाई खाली बसल्या. जमिनीवर तुकडे पसरून जुळवायला लागल्या. एक चिठ्ठी जुळली, दुसरीचा कोपरा सापडेना; तो बहुतेक मी दूधवाल्याला हिशेब लिहून दिला होता. थोड्या वेळानं त्यांनी हात आवरला.

"फाटका कागद घेतील का जी ते?"

"नाही घेणार," मी म्हटलं. तेवढं मला नक्की ठाऊक होतं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बाईंचा तो आवाज, सगळी गल्ली गोळा झाली असती आणि माझं एकदाचं निस्तरलं असतं. त्या उठल्या, गुडघा धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चला. पुन्हा फिरू."

भर मे महिना. मी त्यांच्यावर छत्री धरून चाललो होतो. पहिलंच घर औषधाच्या दुकानवाल्याचं. "दीदी, एक बार तो लिख के दिए थे न," तो म्हणाला, "वो कहाँ गया?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मेरे से गुम गया बेटा. मेरी गलती."

"अरे, ऐसे कैसे गुम गया? तीन सौ लोगों का कागज था! सँभालना नहीं था तो लिया क्यों?"

तो बरंच बोलला. बाई मान खाली घालून ऐकत होत्या आणि मी छत्री धरून उभा होतो. माझी वाचा गेली नव्हती, दातखीळ बसली नव्हती. तोंड उघडायचं तेवढं काम होतं आणि मी ते केलं नाही. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. कोणी दार लावून घेतलं, कोणी "आता वेळ नाही" म्हणालं. जिला तीन-तीनदा चहा मिळायचा त्या बाईला लोक उंबऱ्यातूनच बोलून परत पाठवत होते.

दुपारी तलावाजवळच्या झाडाखाली टेकलो तेव्हा मी विचारलं, "बाई, काहून सांगितलं असं?"

"तुमचं नाव घेतलं असतं तं लोक तुमच्याशीच भांडत बसले असते. आपल्याजवळ दिवस किती हायेत? भांडाले टाइम कुठं हाय?" त्यांनी पदरानं मान पुसली. "सुनवाई झाली की तुम्हीच सांगजा सगळ्यायले."

"हव," मी म्हटलं.

तीन दिवसांत एकेचाळीस चिठ्ठ्या झाल्या. त्या रांगेत उभं राहून त्यांनी स्वतः दिल्या, एकेचाळीस पोची घेतल्या. सुनवाईत माइकसमोरही बोलल्या, पण माइकची त्यांना सवय नव्हती. इतक्या मोठ्यानं बोलल्या की समोरचे हसले. नंतर अहवाल आला. तेवढ्या मोठ्या शहरातून हरकती 'अल्प प्रमाणात' आल्या, असं त्यात होतं. चाचणीच्या बोअरला परवानगी मिळाली. पलीकडच्या काठावर आता पत्र्याचं कुंपण आहे आणि आत मशीन उभं आहे.

मी कोणाला काही सांगितलं नाही. आधी म्हटलं, लोक तापलेले आहेत, थंड होऊ देत. मग थंड झाले, तर म्हटलं, आता कशाला उकरून काढायचं. बाईंनी एकदाही आठवण करून दिली नाही. माझा गहू आधीसारखाच बारीक दळून द्यायच्या, "साहेब, डबा घट्ट लावा जी" म्हणायच्या. काहीजण मात्र दळण दुसरीकडे नेऊ लागले होते. "दीदीचं आता लक्ष नसतं," असं म्हणायचे, आणि मी ऐकून घ्यायचो.

मागच्या थंडीत त्या गेल्या. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी सकाळी चक्की उघडली नाही.

शोकसभेला मोहल्ला जमला. वयानं मोठा म्हणून मला मधल्या खुर्चीवर बसवलं. औषधवाला बोलायला उठला, बोलता बोलता रडला. "दीदी जैसी कोई नहीं," तो म्हणाला. "बस, वो कागज सँभाल नहीं पाईं. वो रहते तो शायद आज नदी पे मशीन नहीं होती." सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या शेजारची म्हातारी चुकचुकली. मग माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो, फोटोला हात जोडले आणि हिंदीत दोन मिनिटं बोललो. त्यांचा स्वभाव मनमिळाऊ होता, म्हणालो. खाली बसलो.

आज पहिल्यांदा सगळं लिहिलं. लिहून झाल्यावर बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे मराठीत काहून लिहिलं? पाऱ्यात मराठी वाचते कोण? औषधवाला तरी वाचू शकते का?"

नाही वाचू शकत. म्हणूनच मराठीत लिहिलं.