लेकीची पहिली गाडी, आणि तीही टर्बो

मागच्या रविवारी अकोल्याला लेकीसाठी गाडी बघायला गेलो होतो. लोक गाडी बघायला हौसेने जातात... मी मात्र अमरावतीहून निघाल्यापासून मनातल्या मनात 'नाही' म्हणायची तयारी करत होते.

आमची पूर्वा नुकतीच अकोल्यात एका बियाणं कंपनीत लागली. काम शेतांवर फिरायचं, आज अकोट तर उद्या आणखी कुठे, त्यामुळे गाडी हवीच. पण बाईसाहेबांना साधी नको होती, टर्बो पेट्रोल हवी होती.

टर्बो म्हणजे काय ते मला तिनेच समजावलं. इंजिन छोटंच, पण एक पंखा त्यात जास्तीची हवा कोंबतो आणि गाडी एकदम जोर धरते. ते 'एकदम' ऐकलं आणि माझी झोपच उडाली. त्यात माझी चुलत जाऊ फोनवर म्हणाली, "काहून घेऊन देऊन राहिली बाई? नव्या पोरीच्या हाती अशी गाडी म्हनजे माकडाच्या हाती कोलीत." झालं... उरलासुरला धीरही गेला.

पूर्वाने मात्र एका वाक्यात मला अडकवून ठेवलं होतं. "आई, तू मनातून हो म्हनशीन तरच घेऊ. नाई तर साधी पाहू." म्हणजे सगळं ओझं माझ्याच डोक्यावर.

आता हिला गाडी शिकवली कोणी, तर आमच्या ह्यांनी. वलगावजवळ आमची फुलशेती आहे, आणि झेंडूचे क्रेट मार्केटला नेणाऱ्या डिझेल पिकअपवरच ती शिकली. फुलांच्या गाडीची आमच्याकडे एक रीत आहे. झटका द्यायचा नाही, इंजिनाचा आवाज चढू द्यायचा नाही, गाडीने जरा वेग घेतला की वरचा गिअर टाकायचा. खालच्या क्रेटमधलं फूल चुरगळलं तर लिलावात कोणी हात लावत नाही.

टेस्ट ड्राइव्हला हे पुढे पूर्वाच्या शेजारी बसले, मी आणि शोरूमच्या मॅडम मागे. मॅडमनी निघतानाच सांगितलं होतं, ओव्हरटेक करताना गिअर खाली घ्या, नाही तर टर्बोचा जोर यायला थोडा वेळ लागतो. हे हसले. "मॅडम, पोरगी फुलाच्या गाडीवर शिकली आहे. काई सांगा लागत नाई तिले."

आणि सुरू झाली यांची शिकवणी. "ओरडू नको देऊ गाडीले. टाक वरचा गिअर. हळू दाब." पूर्वा निमूट ऐकत होती. गाडी इतकी गुपचूप चालली होती की मलाही वाटलं, जाऊ दे, एवढी काही वाईट नाही.

अकोट रोडला लागलो आणि पुढे कापसाची ट्रॉली आली. सीझनमध्ये ज्यांनी पाहिली असेल त्यांना माहीत आहे... कापूस दोन्ही बाजूंनी असा फुगून बाहेर आलेला असतो की पुढचं काही म्हणता काही दिसत नाही. पूर्वाने जरा बाजूला घेऊन पाहिलं, रस्ता मोकळा होता. हे म्हणाले, "चाल, काढ."

तिने गाडी बाहेर काढली आणि ॲक्सिलरेटर दाबला... गिअर वरचाच, आणि पाय फुलांच्या गाडीचा. गाडी जोर धरेचना. ट्रॉलीच्या बरोबरीने नुसती रेंगाळत राहिली, आणि समोरच्या वळणावरून एसटी आली.

मॅडमचा हात मी कधी घट्ट धरला ते मला आठवत नाही. नेमका तेव्हाच टर्बोचा जोर आला, गाडी ओढायला लागली, आणि हे ओरडले, "दाब, दाब, निघते."

पूर्वाने पाय काढला. ब्रेक लावला आणि गाडी सरळ ट्रॉलीच्या मागे आणली. एसटी हॉर्न देत निघून गेली.

मग हे पुटपुटले, "निघाली असती."

"निघालीबी असती, बाबा," ती म्हणाली. "पन कदाचितच्या भरोशावर मी नाई जात."

पुढे एका झाडाखाली गाडी उभी केली. मी पाणी प्यायले तर अर्धं साडीवर सांडलं. हे खाली उतरले आणि म्हणाले, "माह्यंच चुकलं बेटा. पिकअपची सवय या गाडीले नाई चालत. आता मी चूप बसतो, तू मॅडमचं ऐक." जन्मभर यांना दुसऱ्याच्या हातातलं स्टिअरिंग खपलं नाही, त्यामुळे हे ऐकून मीच चाट पडले.

परत येताना पुन्हा एक ट्रॉली लागली. पूर्वाने लांबवर रस्ता बघून घेतला, गिअर खाली घेतला, इंजिन चांगलं मोठ्याने ओरडलं, आणि ट्रॉली कधी मागे पडली कळलंही नाही. यांनी दाराचं हँडल धरून ठेवलं होतं, पण तोंडातून शब्द काढला नाही.

शोरूमच्या दारात पूर्वा माझ्याकडे बघत उभी राहिली. मी खरं तर 'नाही' म्हणायलाच आले होते. पण शेजारी बाप 'दाब' म्हणून ओरडतोय, मागे परकं माणूस बसलंय, गाडीलाही जोर आलाय... अशा वेळी पाय काढून मागे येणं तिच्या वयात मला तरी जमलं नसतं. मी हो म्हटलं. रडूही आलं, तेही सांगून टाकते.

मागे यायला लाजायचं नाही, हे तिला आम्ही कधी शिकवलं नव्हतं. कुठून शिकली कोण जाणे... पण ज्याने शिकवलं त्याचे फार उपकार आहेत.

गाडी आता येईलच. भीती गेली का म्हणाल तर नाही. फक्त आता भीती लेकीची वाटत नाही, समोरून येणाऱ्यांची वाटते... त्यांनाही वेळेवर पाय काढता येवो, एवढंच देवाजवळ मागते.