साहेबांचा पांढरा सदरा

कवठवाडीचा शहादेव माणसं चेहऱ्यावरून ओळखत नसे, कॉलरवरून ओळखत असे. कॉलरच्या आतल्या घडीला तेलाचा पट्टा दिसला की म्हणायचा, "हा त्रिंबकचा. डोस्क्याला तेल लावतो का डोस्कं तळतो, कळत न्हाई." खिशाच्या तळाशी चुन्याचा डाग असला की तो बंकटचा. एकदा गावच्या जत्रेत सरपंच मोहनराव स्वतः समोर येऊन उभे राहिले, तर शहादेव ढिम्म. त्या दिवशी ते बनियनवर होते.

वेशीजवळ, सिरसाळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं पत्र्याचं दुकान होतं. पुढे कोळशाची इस्त्री, मागे भट्टी आणि अंगणात बाभळीच्या दोन खांबांना ताणून बांधलेली दोरी. आसपासच्या पाच गावांतले सगळे पुढारी कपडे त्याच्याकडेच टाकत. खळ घालावी तर शहादेवनेच. त्याच्या हातचा सदरा खुंटीला न लावता जमिनीवर ठेवला तरी उभा राहतो, असं लोक म्हणत. निवडणूक आली की त्या एका दोरीवर तिन्ही पक्ष शेजारीशेजारी वाळत आणि कधी भांडण झालं नाही.

"कापड निळीनं पांढरं होत न्हाई," शहादेव सांगायचा, "दोरीवर होतं. ऊन आन् वारा. आपुन निस्ते निमित्त."

गावापासून दोन कोसांवर वीज केंद्र होतं. चिमणीचा धूर पूर्वी दिसायचा आणि निघून जायचा. गेल्या दोन वर्षांपासून तो निघून जाईना, खाली बसायला लागला. अंगणात राख, विरजणात राख, झोपलेल्या माणसाच्या मिशीवर राख. म्हशींचं काही कळत नव्हतं, पण त्रिंबकने आपला पांढराशुभ्र बैल बाजारात नेला, तेव्हा गिऱ्हाइकाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तळवा पाहिला आणि म्हणाला, "ह्याचा रंग जातोय." बैल परत आला.

शहादेवची तर दोरीच बुडाली. सकाळी वाळत घातलेलं धोतर दुपारी करडं व्हायचं. मग त्याने घरात, चुलीच्या वर दोऱ्या बांधल्या. त्याची बायको भिवराबाई ओल्या सदऱ्यांच्या बाह्या बाजूला सारत भाकरी करू लागली.

महिन्याभरात मोहनराव दुकानात आले. हातात कपड्यांचं गाठोडं नव्हतं, यावरूनच शहादेव काय ते समजला.

"शहादेव, काल मीटिंगला गेलतो. शेजारी मोठा पुढारी बसलेला. त्यानं दोनदा नाक वर केलं आन् म्हनला, मोहनराव, ठेचा कुठं हाय?"

"मंग?"

"मंग काय? माझा सदरा होता तो!" मोहनरावांनी आवाज खाली आणला. "पाडव्यापस्तोर बघतो. त्याच्याम्होरं माजलगावच्या लाँड्रीत टाकीन. राग धरू नको."

त्याच आठवड्यात पुण्याहून नवनाथचा, शहादेवच्या मुलाचा फोन आला. "आप्पा, कावून तिथं राखंत बसलाव? इकडं या. तुमची सून वनिता बी म्हनती, या म्हनून. मशीनच धुतं, मशीनच वाळवतं."

"मंग मी काय करू?"

"तुमी बटन दाबा."

फोन ठेवल्यावर शहादेव बराच वेळ आपल्या अंगठ्याकडे पाहत बसला. चाळीस वर्षं पाच-पाच किलोची इस्त्री पेललेला अंगठा, आणि काम काय तर बटन. भिवराबाई म्हणाली, "अवं, तोंड का पाडता? दोरी पांढरी झाली तर ऱ्हाऊ, न्हाई झाली तर पाडव्याला जाऊ." तिने ते भाकरी उलटावी इतक्या सहज सांगितलं, पण त्या दिवसापासून शहादेवला पाडवा सण वाटेना, गाडीची वेळ वाटू लागली.

तेव्हा गावात 'राख हटाव समिती' निघाली. अध्यक्ष मोहनराव, वक्ता बंकट आणि चिटणीस शहादेव, कारण बसायला सावली त्याच्याच दुकानात होती. प्रदूषणाच्या हापिसात अर्जांवर अर्ज गेले. शहादेवने पुरावाही तयार केला. जुन्या धोतराच्या वीतभर पट्ट्या करून रोज एक पट्टी दिवसभर दोरीवर टांगायची आणि सांजच्याला काढून तारीख टाकायची. अखेर माघात रविराज म्हेत्रे नावाचे तरुण साहेब तीन पायांवर उभं राहणारं हवा मोजायचं यंत्र जीपमध्ये घालून तपासणीला आले.

आणि इथे कवठवाडीने घोटाळा केला.

साहेबांना घेराव घालायचा असं ठरलं होतं. घोषणाही पाठ होत्या. पण कवठवाडीत पाहुणा आला आणि त्याच्या डोक्याला फेटा नाही, असं आजवर झालेलं नव्हतं. गावात मीटर वाचायला आलेल्याचा सत्कार होई. एकदा तर जप्तीची नोटीस घेऊन आलेल्या माणसाला शाल आणि श्रीफळ देऊन वर त्याच्याच हस्ते शाळेच्या पाण्याच्या टाकीचं उद्घाटन केलं होतं. म्हेत्रेसाहेब जीपमधून उतरले आणि पंचवीस माणसं घेराव घालायला पुढे झाली. तेवढ्यात मोहनरावांचा हात सवयीने हाराकडे गेला. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग बंकट उठला.

बंकटचे 'दोन शब्द' पाऊण तास चालत. घोषणा राहून गेल्या. साहेब गुलाबी फेटा घालून, नारळ घेऊन, मान डोलवत परत गेले. यंत्रातला कागद दिवसभर पांढराच राहिला होता, कारण त्या दिवशी चिमणीतून धुराची काडीही निघाली नव्हती. शहादेवने पट्ट्यांचं बोचकं पुढे केलं, तेव्हा साहेब सौम्यपणे म्हणाले, "काका, ही राख चुलीचीही असू शकते. मी स्वतः मोजेन तोच पुरावा."

तिसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पेपरात फोटो आला. फेट्यातले साहेब, शेजारी हसणारी राख हटाव समिती, आणि खाली ओळ: 'वीज केंद्राच्या तपासणीनंतर ग्रामस्थांनी समाधान व्यक्त केले.'

"तू हासलास कावून बे?" त्रिंबकने बंकटला विचारलं.

"फोटू काडताना काय रडायचं?"

"आन् म्या?" भिवराबाई पेपरात बोट ठेवून म्हणाली, "म्या तर ओवाळाया ताट घेऊन उभी हाय! आपलीच राख, आपुनच ओवाळली."

खरी गोष्ट कळली ती म्हाळूकडून. म्हाळू हा केंद्राच्या फाटकावरचा वॉचमन. गणवेशाला इस्त्री करून घ्यायला आला, तेव्हा सहज बोलून गेला. "आप्पा, राख धरायचं यंत्र हाय की आत. पर त्याला वीज लई लागती म्हनून बंद ठिवत्यात. सायेब यायचा असला की आधी खबर येती, मंग चालू. सायेबाची जीप फाटकावरनं माघारी गेली की फाटकावर असंल तो आत फोन करतो, लगीच बंद."

"म्हंजी जीप बघत्यात? सायेब न्हाई?"

"सायेबाला कोन वळखतंय? जीप वळखत्यात."

शहादेवची इस्त्री गणवेशाच्या खांद्यावर थबकली. जळका वास आला, म्हाळू ओरडला, तरी ती हलली नाही. जीप जायला हवी आणि साहेब राहायला हवेत. एवढंच. पण पाहुण्याला थांबवून ठेवायचं म्हणजे गावाला येणारी एकच विद्या होती.

"सत्कार," शहादेव म्हणाला.

समितीने पुन्हा अर्ज दिला. साहेब पुन्हा यायचं ठरलं. पाडव्याला पंधरा दिवस राहिले होते. समितीच्या बैठकीत शहादेवने एवढंच सांगितलं, "ह्या खेपंला सत्कार बंद न्हाई करायचा. वाढवायचा. बंकट, तुला किती बोलायचंय तेवडं बोल."

बंकटच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात असं त्याला प्रथमच कुणी म्हटलं होतं.

जीपचं काय करायचं, ते मात्र शहादेवने कुणालाच सांगितलं नाही. जन्मात त्याने दुसऱ्याचा रुमाल ठेवून घेतला नव्हता. तो त्या दिवशी सकाळी सत्काराच्या ताटापाशी गेला, शाल नीट केली, हार नीट केला आणि नारळ उचलून धोतराच्या सोग्यात घातला. दुकानापर्यंतचं पन्नास पावलांचं अंतर तो अवघडलेल्या बाईसारखा चालला. नारळ मोहनरावांच्या धुवायच्या कपड्यांत खोल खुपसला आणि घाम पुसला.

साहेब आले. चिमणी स्वच्छ, आकाश निळं. तीन पायांचं यंत्र दुपारपर्यंत घरघरलं. आतला गोल कागद काढला, तो जसाच्या तसा पांढरा. शहादेवने तो लांबूनच पाहिला आणि त्याला गंमत वाटली. साहेबांचं एवढं मोठं यंत्र, पण आत काय, तर त्याच्यासारखीच एक पट्टी टांगलेली. साहेबांच्या कॉलरकडेही त्याचं लक्ष गेलं. घरी धुतलेला, घरीच इस्त्री केलेला, खळ कमी. पण पांढरा खरा.

"मी निघतो," साहेब म्हणाले.

"सत्कार झाल्याबिगर?" मोहनराव खरोखरच दुखावले.

वडाखाली खुर्च्या टाकल्या होत्या. शहादेवने त्या ओढून उघड्यावर आणल्या. "सावलीत मुंग्या हायेत," तो म्हणाला. फेटा झाला. शाल झाली. मोहनरावांनी ताटात हात घातला आणि हात तसाच राहिला.

"नारळ कुठंय?"

शोधाशोध झाली. गावातल्या दुकानात नारळ नव्हता. देवळातला कालच फोडलेला. "असू द्या हो," साहेब म्हणाले. मोहनराव हबकले. "सायेब, रिकाम्या हातानं पाहुना वाटंला लावला म्हनून पाच गावं थुंकतील. सिरसाळ्यातनं आनतो. पर माझी गाडी लग्नाला गेलीय."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, बंकटकडे पाहिलं. तो घसा खाकरत होता. ते कंटाळून म्हणाले, "माझी जीप न्या. पण लवकर आटपा."

सिरसाळ्याचा रस्ता वीज केंद्राच्या फाटकावरूनच जात होता. जीप धुरळा उडवत गेली. शहादेव डोळे मिटून मनात म्हणाला, देवा, नारळ परत देतो.

बंकट उभा राहिला. साहेबांच्या आगमनाबद्दल बोलला, मग साहेबांच्या आईवडिलांबद्दल बोलला, त्यांना तो कधी भेटला नव्हता. मग कवठवाडीचा इतिहास निघाला. निजामाच्या काळापर्यंत पोचेतो अर्धा तास झाला आणि चिमणीच्या तोंडाशी बोटभर करडा धागा दिसला. मग दोरी. मग दोरखंड.

"थांबू नकोस बे," त्रिंबक मागून कुजबुजला.

"थांबतोय कोन!" बंकट म्हणाला आणि रझाकारांकडे वळला.

वारा गावाच्या दिशेने होता. आधी चहाच्या कपात काळं काहीतरी तरंगलं. साहेबांनी बोटाने काढलं. मग त्यांनी खांदा झटकला. मग दुसरा. झटकला तिथे बोटांचे चार पट्टे उमटले. फेट्याचा गुलाबी रंग उतरत वांग्याच्या वळणावर गेला. अखेर साहेबांनी शाल काढली. शालीखालचा सदरा पांढरा आणि बाह्या करड्या, अशी ठळक रेघ पाहून ते स्वतःच खुर्चीतून उठले.

"हे काय आहे?"

शहादेव पुढे झाला. एवढ्या लोकांसमोर तो कधी बोलला नव्हता. "सायेब, हा सदरा सकाळी पांढरा हुता. म्या कॉलर बघितलीय. ही राख काय तुमच्या घरच्या चुलीची न्हाई."

साहेबांनी यंत्र पुन्हा मांडलं. तासाभरात गोल कागद म्हशीच्या कातडीसारखा झाला. त्यांनी चिमणीचे फोटो काढले, पंचनामा लिहिला, त्रिंबकच्या आणि बंकटच्या पंच म्हणून सह्या घेतल्या आणि शेवटी सदरा काढून पिशवीत घालून सील केला. साहेब फेटा आणि बनियन अशा वेशात उभे राहिले. शहादेवने नजर वळवली. त्याला आता साहेब ओळखू येईनात.

तेवढ्यात जीप नारळ घेऊन आली.

साहेबांना घालायला काहीतरी द्यायला हवं होतं. मोहनराव मोठ्या मनाने म्हणाले, "शहादेव, माझ्या कपड्यातला एक आन." आणि शहादेव हलायच्या आत स्वतःच दुकानातून गाठोडं आणून त्यांनी सगळ्यांपुढे उपसलं. नारळ घरंगळत बाहेर आला आणि थेट साहेबांच्या पायाशी थांबला.

सगळे नारळाकडे पाहू लागले. मग शहादेवकडे.

"माझ्या कपड्यात नारळ?" मोहनराव म्हणाले.

"खिसे तपासून टाकत जावा, सरपंच," भिवराबाई पटकन म्हणाली. "मागल्या खेपंला तर सुपारी निघालती."

साहेब हसले. नारळ उचलून त्यांनी काखेत मारला, भिवराबाईने आतून आणलेला मोहनरावांचा धुतलेला सदरा चढवला, त्यात त्यांच्याएवढे दोन साहेब मावले असते, आणि जीपमध्ये बसले. बंकट जीपमागे धावत ओरडत होता, "आभार राहिलेत, सायेब!"

केंद्राला नोटीस गेली. राख पुरती थांबली, असं कुणी म्हणणार नाही. पण केंद्रातल्या राख धरायच्या यंत्राच्या मीटरवर आता साहेबांच्या हापिसाचं सील होतं आणि तपासणी सांगून येईना. पाडव्याच्या आदल्या दिवशी शहादेवने एक पट्टी दिवसभर दोरीवर टांगली. सांजच्याला ती उतरवून भिवराबाईच्या हातात दिली.

तिने ती उजेडात धरली, उलटीसुलटी केली. "अगदी निळीसारखी न्हाई."

"पर ठेच्याचा येतो का वास?"

तिने हुंगून पाहिलं. "न्हाई."

शहादेवने नवनाथला फोन लावला. "आरं, यायचं न्हाई जमत. उद्याच्या सगळ्या गुढ्यांची कापडं इस्त्रीची हायेत. आन् बटन वनितालाच दाबू दे."

फोन खाली ठेवतो तोच दारात जीप थांबली. म्हेत्रेसाहेब मोहनरावांचा सदरा परत करायला आले होते. शहादेवने सदरा घेतला, कॉलर उलटली, आत पाहिलं. घरची इस्त्री, खळ कमी. त्याचा चेहरा खुलला. "आरं, सायेब! या, या."

पण साहेब घाईने जीपकडे परत निघाले होते. वेशीतून बंकट येताना दिसत होता, आणि त्याच्या हातात हार होता.