अकराचं पाणी

आमच्या जिल्ह्यात समुद्र सोडून सगळं आहे. धरणं आहेत, साखर कारखाने आहेत, दुधाच्या डेऱ्या आहेत, आणि देवळांना तर तोटाच नाही. तरी माझ्या आईनं नवस बोलावा तो थेट समुद्रातल्या देवीला! जवळची एखादी देवी बघितली असती तर एका सकाळी जाऊन काम उरकलं असतं, असं मी तिला तोंडावर म्हणालेही होते. ती म्हणाली, "तवा जी सापडली ती धरली."

नवस आण्णांसाठी होता. मी शाळेत असताना आण्णा, म्हणजे माझे वडील, विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून पडले आणि बेशुद्धच राहिले. संगमनेरच्या दवाखान्यात आई त्यांच्या उशाशी बसून होती. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको कोकणातली होती. तिनं सांगितलं, आमच्याकडे समुद्रात खडकावर देवी आहे, एरवी चारी बाजूंनी पाणी असतं, पण ओहोटी असली की चालत जाता येतं, तिला बोला. आई बोलली. हे उठले तर माझ्या पायानं चालत येईन आणि तुझी ओटी भरीन. आण्णा उठले. ते डॉक्टरच्या इंजेक्शनानं उठले, असं ते आजवर गावभर सांगत आलेत, आणि नवस म्हटलं की त्यांना चेष्टा सुचते. म्हणून आईनं त्यांना कधी सांगितलंच नाही. मला सांगितलं ते मागच्या वर्षी, संगमनेरच्या बाजारात खण घेताना, आणि वर गळ्याची शपथ घातली. "त्यांना बोलू नको. सगळ्या भावकीत हसू करतील."

झालं! तेव्हापासून हे गुपित माझ्या डोक्यावर बसलं.

त्यात आईचे दोन्ही गुडघे गेले. उठताना भिंत लागते, बसताना मी लागते. डॉक्टरांनी गुडघे बदलायचे ठरवले. मोठा डॉक्टर बाहेरून येतो, त्याची तारीख मी हातापाया पडून मिळवली. मला वाटलं, बरंच झालं, नव्या गुडघ्यांनी टुणटुण चालत जाईल देवीकडे. तर आई म्हणाली, "माझ्या पायानं येईन असं बोलले हाय मी. आत लोखंड घातल्यावर ते पाय माझे कुटं ऱ्हाणार?" मी तासभर डोकं फोडलं. पण तिचं एकच, ज्या पायांनी बोलले त्याच पायांनी जाणार. म्हणजे ऑपरेशनच्या आधी, नाहीतर कधीच नाही.

आण्णांना मी सांगितलं की कोकणात ट्रीप काढू. ते हो म्हणाले आणि लांबवत राहिले. आधी ऊसतोड आली, मग म्हैस व्यायली, मग कुणाचा तरी साखरपुडा. मी चिडायची आणि कारण सांगू शकत नव्हते म्हणून आणखी चिडायची. शेवटी अगदी गळ्याशी आल्यावर निघालो. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत परत पोचायचं आणि त्याच्या पुढच्या सकाळी आईला ॲडमिट करायचं, असा सगळा घाट होता. गाडी मी चालवत होते. फोनवरून तिथला एक खासगी गाईडही ठरवला होता. अर्धा दिवस, समुद्राकाठची चार देवळं, फक्त आमच्यासाठी. खडकातली देवी त्यातलीच एक. मी स्वतःवर फार खूश होते.

पुढचं कळायला आमच्या घरातलं एक सांगायला हवं. आमची जमीन पाटाच्या अगदी शेवटाला, म्हणजे सगळे ज्याला टेल म्हणतात तिथं. भंडारदऱ्याचं आवर्तन, म्हणजे धरणातलं पाळीचं पाणी, सुटलं की वरचे लोक आधी भिजवून घेतात, आणि उरलं तर आम्हाला. पाटाचं पाणी वाटणारा पाटकरी सायकलवरून सांगत जायचा, "उद्या अकराला पाणी!" आण्णा फावडं घेऊन अकराला बांधावर. पाणी यायचं संध्याकाळी, नाहीतर परवा, नाहीतर यायचंच नाही. त्यामुळे अकराला पाणी हे आमच्या घरी थट्टेनं म्हणतात. कोणी उशिरा येणार असेल तर आण्णा म्हणतात, "त्याचं अकराचं पानी हाय, आपन जेवून घेऊ."

आणि त्या गाईडनं दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्कामावर आल्या आल्या नेमकं तेच वाक्य म्हटलं.

"काका, आधी देवीकडे जाऊ या. अकराला पाणी येतं."

आण्णा खदखदून हसले. "कुनी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? येतंच."

"तुमच्याकडं पाटकरी कोन हाय?"

गाईडला काही कळलं नाही. तो म्हणाला, "काका, भरती. भरती असते ना."

"पोलीस भरती ऐकलीया मी. ती बी कदी टायमावर झाल्याली न्हाई."

गाईडही हसला. मी तेवढी हसले नाही. मी म्हणाले, "आण्णा, हा समुद्र आहे. इथं चंद्रावर चालतं सगळं, पाटबंधारे खात्यावर नाही." तर ते म्हणाले, "पानी ते पानी. अकरा म्हंजे तीन धर. मला निवांत चा पिऊ दे."

तो चहा! आयुष्यात इतका लांबलेला चहा मी पाहिला नाही. आण्णांनी आधी दूध चाखून पाहिलं आणि दुकानदाराला फॅट किती लागतं ते विचारलं. मग त्याची गाय कुठली, चारा काय, डेरी आहे का, नसेल तर का नाही. आमच्याकडे कसं संकलन चालतं यावर व्याख्यान झालं. मग पोहे. पोह्यात खोबरं जास्त म्हणून ते बाजूला काढत बसले. मी गाडीची चावी बोटात फिरवत उभी. आणि आई? आई गाडीत मागं बसून होती, मांडीवर ओटीची पिशवी. त्यात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. मी खिडकीतून म्हणाले, "तू तरी सांग त्यांना." ती म्हणाली, "पिऊ दे त्यांना चा. बिनचाचं त्यांचं डोकं दुखतं."

अशा माणसांचं काय करायचं?

बरं, गाईडनं तरी ताणून धरावं? त्यानं एकदा सांगितलं आणि हात झटकले. पाहुणे म्हणतील तसं, असं त्याचं धोरण. वाटेत पहिलं देऊळ लागलं तेव्हा मी म्हणाले, हे परतताना बघू. तोवर आण्णा दार उघडून उतरलेसुद्धा. देऊळ सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. समोर दीपमाळ, मागे लाटांचा आवाज, लाल कौलं. गाईडनं सुरू केलं, "हे पांडवांनी एका रात्रीत बांधलं." आण्णा भिंतीजवळ गेले, दगडावरून हात फिरवला, सांध्यात नख घातलं. "एका रातीत? आमच्याकडं एका रातीत पाटाच्या चारीचं दार बसवत न्हाईत." मग पांडव किती जण, दगड कुठून आणला, गवंडी कोण, अशी उलटतपासणी. गाईडलाही चेव आला. त्यालाही असं गिऱ्हाईक रोज मिळत नसणार. दोघं देवळाला प्रदक्षिणा घालत भांडत राहिले. मी हॉर्न वाजवला. पुजाऱ्यानं बाहेर येऊन माझ्याकडे असं पाहिलं की मला गाडीतच लपावंसं वाटलं.

दुसरं देऊळही पांडवांनी एका रात्रीतच बांधलं होतं. तिथं एक फोटो काढायची जागा होती, आणि गाईडनं आईला उतरवून कठड्याशी उभं केलं. "काकी, जरा हसा." आई गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभी, पदर उडतोय, ती हसायचा प्रयत्न करतेय. ते गुडघे मी देवीसाठी जपून आणले होते. त्यांची चाल अशी फुकट जाताना पाहून मला रडू यायचं बाकी राहिलं.

"आण्णा, आता बास! देवीकडे चला. आईला तिथंच जायचंय."

"जायचंच हाय की. देवी काय पळून चाललीया?"

"देवी नाही, रस्ता चाललाय!"

"अगं, पानी म्हनल्यावर मला शिकवू नको," आण्णा म्हणाले. "पान्याची वाट बघन्यात जलम गेला माझा."

मी तोंड उघडलं होतं. सगळं सांगून टाकणार होते. आईनं माझ्या पाठीवर हलकेच थापटलं, म्हणजे गप्प बस. मी गप्प बसले आणि गाडी अशी काढली की गाईडनं वरची कडी धरली.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा लोक परत येत होते. बायकांनी साड्या वर खोचलेल्या, पुरुषांच्या हातात चपला. समोर खडक, खडकावर छोटं पांढरं देऊळ, वर भगवं निशाण. हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. मधल्या वाळूवरून दोन्ही बाजूंनी पाणी आत सरकत होतं. त्याला काही घाई नव्हती. आम्ही आईला धरून वाळूत आणेपर्यंत दोन्ही पाणी एकमेकांना मिळालं.

"आता नाही जाता येणार," गाईड म्हणाला. "आत खड्डे आहेत. ओढ पण आहे. वाट आता रात्रीच उघडेल, आणि अंधारात कुणी जात नाही."

आण्णांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग पाणी पाहिलं. मग परत घड्याळ. आणि त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, लहान पोराचा उजळतो तसा.

"आयला! टायमावर आलं की!"

मला त्यांचा इतका राग पुन्हा कधी येईलसं वाटत नाही. ते पुढं जाऊन बोटं पाण्यात बुडवून आले. "कुनी सोडायला नको, कुनी दार उचलायला नको. म्हनला तवा आलं!" असं ते गाईडला सांगत होते, जणू समुद्राची व्यवस्था त्यानंच ठेवली आहे. गाईडही मान डोलवत होता.

मी ओरडले. काय काय ओरडले ते आता आठवत नाही, पण बाजूचा शहाळेवाला बघायला लागला होता. आण्णा गोंधळले. "एवढं काय त्यात? उद्या सकाळी जाऊ."

"उद्या सकाळी ॲडमिट करायचंय तिला!"

"मग आपरेशन पुढं ढकल." तारीख कशी मिळवली ते यांना माहीत होतं, तरी.

गाईड मध्ये पडला. "काकी, पुष्कळ लोक करतात. इथूनच समुद्राला ओटी द्या. लाटेनं देवीला पोचते."

आईनं पिशवी छातीशी घट्ट धरली. "न्हाई," ती म्हणाली. "सोडल्यालं पोचतं असं न्हाई. मला म्हाईत हाय."

मग तिनं चपला काढल्या. मी हात द्यायला गेले तर नको म्हणाली. एक एक पाऊल टाकत ती पाण्याच्या कडेपर्यंत गेली, घोटे भिजेपर्यंत आत गेली आणि देवळाकडं तोंड करून उभी राहिली. हात जोडले. मला वाटलं मनात काही म्हणेल. पण ती मोठ्यानं बोलली. शेताच्या पलीकडच्या बांधावरच्या बाईशी बोलावं तसं.

"आई, मी आले हुते बरं का. माझ्या पायानं आले हुते. ज्यांच्या जिवासाठी तुला बोलले, त्यांनीच फुडं येऊ दिलं न्हाई. आता त्यांचं काय करायचं ते तू बघ."

गाईडनं फोटोसाठी वर धरलेला मोबाईल खाली घेतला. आण्णांनी माझ्याकडं पाहिलं.

"कुनाच्या जिवासाठी?"

"तुमच्या," मी म्हणाले. "शॉक लागला होता तेव्हा." आणि बोलताना मला बरं वाटलं, हेही सांगते. त्यांना लागावं असंच मला वाटत होतं.

लागलं. ते पायजमा न दुमडताच पाण्यात आईपाशी गेले. तरी पहिलं वाक्य आलं ते नेहमीचंच. "मग आधी सांगायचं न्हाई का?"

आईनं त्यांच्याकडं पाहिलं. रागानं नाही. सकाळी किती दूध निघालं ते विचारताना पाहते तसं.

"सांगितलं असतं, तर चा सोडून उठला असता का?"

आण्णांनी विचार केला. खरोखर विचार केला, आणि पाणी तोवर त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत आलं. माझे वडील कसेही असोत, खोटं बोलत नाहीत.

"न्हाई," ते म्हणाले.

आई वळली. वाळू पायाखालून सरकत होती आणि तिला तोल सावरेना. आण्णांनी हात पुढं केला. तिनं तो पाहिला आणि मला हाक मारली.